क्रूगर रोडचा पूल

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

ही वही केयाने दिली. ऑगस्टमध्ये कॉलेजला जाताना टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, यू नेव्हर टेल एनिवन एनिथिंग. निदान लिही." तेव्हापासून कोरी पडली होती. आज उघडली, कारण नवरा घरी नाही, केदार कंपनीच्या कामाला जर्मनीत आहे आणि मला कुणाला तरी सांगायचंय.

मंगळवारपासून मी पार्डी मिल्स शहराची इंटरिम फायनान्स डायरेक्टर आहे. शहर कसलं, अमेरिकेच्या मानाने ट्रॉयपासून वीस मिनिटांवरचं एकोणीस हजार वस्तीचं गावच. नागपूरच्या आमच्या पारडीशी त्याचा काही संबंध नाही, हे आईला अजून पटलेलं नाही. अकरा वर्षं इथे हिशेब केले, आता तीन महिन्यांसाठी, सहा महिन्यांसाठी, काय ते असो, खुर्ची माझी. कायम करायचं का ते एप्रिलमध्ये ठरेल.

सकाळी नेहमीप्रमाणे त्र्यंबककाकांकडे टायपिंगला गेले. काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, नेत्राचे, सासरे. कोल्हापूरला अर्थशास्त्र शिकवायचे. काकू गेल्यावर त्यांचा मुलगा, नेत्राचा नवरा राजीव, त्यांना इकडे घेऊन आला, त्याला सहा वर्षं झाली. इंग्रज सरकारने आपल्याकडे कालवे, रस्ते, पूल कुठल्या पैशाने बांधले, कर्ज कधी काढलं, शिल्लक कधी मोडली, यावर ते मराठीत पुस्तक लिहितात. हाताने, वह्यांमध्ये. मी दर शनिवारी ते टाइप करते. पैसे-बिसे काही नाहीत. चहा असतो, आणि शब्द चुकला की ओरडा.

मी का करते ते कुणी विचारलं नाही अजून. वीस साली बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. तेराव्या दिवशी काका मास्क लावून आले आणि आमच्या गराजमध्ये सहा फुटांवर खुर्ची टाकून चार तास बसले. बोलले फारसं नाहीत. त्यानंतर मी शनिवार चुकवला नाही.

येताना क्रूगर रोडच्या पुलावरून आले. त्या पुलाचा मेमो आता कौन्सिलला माझ्या नावाने जायचाय.


९ ऑक्टोबर, बुधवार

पूल १९५८चा. काकांचं घर आणि आणखी दोनशे बारा घरं ओढ्यापलीकडे आहेत. नवीन पुलाला अडुसष्ट लाख डॉलर लागतील. दोन रस्ते आहेत.

एक, आत्ताच बॉण्ड, म्हणजे कर्जरोखे, काढायचे, उरलेले वीस लाख राखीव शिल्लकीतून घालायचे. शिल्लक वर्षाच्या खर्चाच्या बावीस टक्के आहे ती चौदावर येईल. आपलं धोरण म्हणतं वीसच्या खाली जायचं नाही.

दोन, एक वर्ष थांबायचं. जानेवारीअखेर शहराची पत ठरवणाऱ्या रेटिंगवाल्यांचा कॉल आहे. शिल्लक भक्कम दिसली तर रेटिंग एक पायरी वर जाईल, मग कर्ज स्वस्त मिळेल. वीस वर्षांत व्याजाचे तीन लाख दहा हजार वाचतील.

मी दुसरा लिहिला. इंजिनियरच्या रिपोर्टप्रमाणे पूल अजून दोन हिवाळे काढेल. आकडे स्वच्छ आहेत. रेटिंग वाढलं तर माझ्या कायम होण्याला मदत होईल, हे खरं आहे, पण त्यासाठी मी लिहिलेलं नाही. हे इथे नोंदवून ठेवते.


२१ ऑक्टोबर, सोमवार

आज कौन्सिलपुढे मेमो आला. लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं असतात. एक कुत्र्यांच्या पार्कवर बोलला, एकजण पानं उचलायच्या गाडीवर. मग क्लार्कने अडखळत नाव वाचलं आणि मागच्या रांगेतून त्र्यंबककाका उठले. राखाडी कोट, मफलर, हातात माझाच मेमो. पानांवर पिवळ्या खुणा. नेत्राने मला आधी काही सांगितलं नव्हतं. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत खाली बघून हसत होती.

काका सावकाश इंग्रजीत बोलले.

"एका सरकारचे जमाखर्च वाचण्यात माझं आयुष्य गेलं. त्या सरकारची शिल्लक फार चांगली असे. लंडनमध्ये सुरक्षित असे. ज्या कामातून व्याज सुटेल त्याला ते आनंदाने कर्ज काढत. ज्या कामातून नुसती माणसं वाचणार, त्याला म्हणत, राखीव निधीतून उरलं तर बघू. उरत नसे. दुष्काळासाठी म्हणून कर बसवून जो निधी उभा केला त्यातलाही पैसा दुसरीकडे गेला. तुमचा मेमो उत्तम आहे. असे उत्तम मेमो मी चाळीस वर्षं वाचले आहेत."

घड्याळ लाल झालं. काका "थँक यू" म्हणून बसले. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

मेयरने मला उत्तर द्यायला सांगितलं. मी दिलं. आकडे, टक्के, व्याज, शेजारच्या गावाने शिल्लक मोडली आणि पुढच्या वर्षी पोलिस कमी करावे लागले ते. आवाज कापला नाही. चार विरुद्ध तीन, मेमो मंजूर.

पार्किंगमध्ये काका थांबले होते. "उत्तर छान दिलंस. मला पटलं नाही, पण छान दिलंस."

"काका, तुम्ही रागावलात का?"

"वेडी का काय? माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकजण तरी असा उभा राहिला असता समोर, तर मी पेढे वाटले असते. शनिवारी ये. पाचवं प्रकरण आहे, मोठं आहे."

घरी येताना गाडीत मोठ्याने गाणं म्हणत होते मी.


२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. फराळ नेत्राकडे. चकली मऊ पडली म्हणून ती रडकुंडीला आलेली आणि राजीव "सॉफ्ट लाँच आहे" म्हणून चिडवत होता. दोन वाजेपर्यंत टायपिंग केलं. पाचव्या प्रकरणात एका कालव्याची हकिगत आहे. एकोणिसाव्या मैलावर काम थांबलं. कलेक्टर पत्रं लिहितोय, वरून उत्तर येतंय की या वर्षी शिल्लक मोडता येणार नाही. ते उत्तर लिहिणारा मुंबईच्या ऑफिसातला एक लेखापाल. काकांनी त्याचं अक्षरसुद्धा वर्णन केलंय, सुंदर, एकही खाडाखोड नाही.

मी म्हटलं, "काका, हा माणूस दुष्ट वाटत नाही."

"दुष्ट कुठे होता? त्याला मूल झालं त्या वर्षी. रजेचा अर्जही आहे त्या फायलीत." मग चष्मा पुसत म्हणाले, "दुष्ट माणसांवर पुस्तक लिहिणं सोपं असतं गं."

नेत्राने डबा भरून दिला. केयासाठी वेगळा, बेसनाचे लाडू जास्त घालून.


८ जानेवारी २०२५, बुधवार

दोन महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज सकाळी इन्स्पेक्शनवाल्यांनी क्रूगर रोडचा पूल बंद केला. थंडीत एका खांबाला चीर गेली. दोन हिवाळे म्हणाले होते, एकही पुरला नाही. इंजिनियर म्हणतो असं होऊ शकतं, कुणाची चूक नाही.

आता पलीकडच्या लोकांना मिल रोडने वळसा. आठ-नऊ मिनिटं जास्त. बर्फ असेल तर अजून.

नेत्राला फोन केला. ती म्हणाली, "चालतं गं, लवकर निघू. बाबा मात्र खूश आहेत, म्हणतात पुस्तकाला उपसंहार मिळाला." आम्ही दोघी हसलो.


१० जानेवारी, शुक्रवार

फायर चीफ डॉनली आला होता, इथे ॲम्ब्युलन्स त्याच्याच खात्याकडे असतात. मोठा माणूस, टोपी हातात धरून बसतो. म्हणाला, पलीकडे एक ॲम्ब्युलन्स कायमची ठेवू या, पूल होईपर्यंत. एक गराज भाड्याने, दोन माणसांचा ओव्हरटाइम. जूनपर्यंत एक लाख ऐंशी हजार. कागद घेऊनच आला होता.

बजेटमध्ये तेवढे कुठेच नाहीत, शिल्लकीतूनच काढावे लागतील. म्हणजे बजेट दुरुस्ती, म्हणजे सोमवारच्या कौन्सिलला घालावं लागेल. आणि तीसला रेटिंगचा कॉल. कॉलच्या सतरा दिवस आधी शिल्लकीतून आणीबाणीचा खर्च, हे चांगलं दिसत नाही. शिस्त दिसायला हवी.

मी म्हटलं, "चीफ, फेब्रुवारीच्या दहाला घेते, पहिलाच विषय. चार आठवडे काढता येतील?"

तो म्हणाला, "ते माझ्या हातात नाही, मॅडम." मग म्हणाला, "ओके."

कागदावर लिहिलं, "फेब्रुवारीत घ्यावे. रेटिंग कॉलआधी शिल्लकीतून खर्च नको," सही केली. सिटी मॅनेजरनेही त्याखाली सही केली. चार आठवडेच आहेत.


१८ जानेवारी, शनिवार

वळशाने काकांकडे. तेरा मिनिटं ज्यादा लागली, रस्ता घसरडा होता. सातवं प्रकरण संपलं. आठवं शेवटचं, ते अजून त्यांच्या डोक्यात आहे, वहीत चार पानंच आहेत. म्हणाले, "मार्चपर्यंत लिहून टाकतो. मग तू प्रस्तावनेत तुझं म्हणणं लिही. शिल्लकवाल्यांची बाजू."

"मी? मराठीत?"

"मग काय रेटिंगवाल्यांच्या भाषेत लिहिणारेस?"

चीफच्या कागदाबद्दल सांगावं असं वाटलं. ऑफिसची गोष्ट आहे म्हणून नाही सांगितलं.


२२ जानेवारी, बुधवार

काका आंघोळ करून आले आणि नेत्राकडे चहा मागताना शब्द सुटेना. उजवा हात लोंबला. तिने ९:४१ला फोन केला. ॲम्ब्युलन्स ९:५९ला आली. परत जातानाही वळसाच.

स्ट्रोक. मी हॉस्पिटलमधून लिहितेय, कॅफेटेरियात. आकडे तिनेच सांगितले, मी विचारले नव्हते. फोनमध्ये बघून सांगितले.


२३ जानेवारी, गुरुवार

जिवंत आहेत. उजवी बाजू गेली. बोलता येत नाही. समजतं किती ते माहीत नाही.

राजीवने डॉक्टरांना विचारलं, मी तिथेच उभी होते. "दहा-बारा मिनिटं आधी आलो असतो तर?" डॉक्टर तरुण बाई होत्या. म्हणाल्या, स्ट्रोकमध्ये प्रत्येक मिनिट मोलाचं असतं, पण या पेशंटच्या बाबतीत तेवढ्याने किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकणार नाही.

कुणीच सांगू शकणार नाही. डॉक्टरांनीच असं म्हटलंय.

दुपारी नेत्राला पोळीभाजी नेऊन दिली. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं."


३० जानेवारी, गुरुवार

रेटिंगचा कॉल झाला. पन्नास मिनिटं. तयारीसाठी मी बारा पानं केली होती. त्यांनी पेन्शनचं विचारलं, घरांच्या किमतींचं विचारलं. पुलाचं एक वाक्य. जानेवारीतल्या खर्चाबद्दल काहीच विचारलं नाही.

कॉल झाल्यावर कॅलक्युलेटर घेतला. उगाच. एक लाख ऐंशी हजार तेव्हाच दिले असते तर शिल्लक बावीसवरून एकवीस पूर्णांक तीनवर आली असती. वीसच्या वरच.

परत एकदा केलं. तेच आलं.


८ फेब्रुवारी, शनिवार

काका रिहॅबमध्ये आहेत. आज पहिल्यांदा शब्द फुटला. "नाही." पाणी हवं का, नाही. राजीव आला, नाही. खिडकी उघडू, नाही, आणि डाव्या हाताने खिडकीकडे खूण करतात उघड म्हणून. थेरपिस्ट म्हणाली, असं होतं, कधीकधी एकच शब्द उरतो आणि सगळ्याला तोच येतो. अर्थ आवाजावरून ओळखायचा.

तीन भाषांत शिकवणारा माणूस.

मी लॅपटॉप नेला होता. सातवं प्रकरण वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी मी "संरक्षक कामे"च्या ऐवजी "संरक्षण कामे" वाचलं तर डोळे उघडून जोरात म्हणाले, "नाही!" म्हणजे कळतं. सगळं कळतं. मी बाहेर जाऊन रडून आले.


१० फेब्रुवारी, सोमवार

पहिलाच विषय, कबूल केल्याप्रमाणे. पलीकडची ॲम्ब्युलन्स. सात विरुद्ध शून्य. चार मिनिटांत. चीफ डॉनलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

विषयपत्रिकेला त्याचा मूळ कागद जोडला होता, १० जानेवारीचा, माझ्या शेऱ्यासकट. तसा नियमच आहे. वेबसाइटवर असतो, पण कोण वाचतं?

दुपारी रेटिंग आलं होतं. एक पायरी वर. मॅनेजरने केक आणला. खाल्ला.


२ मार्च, रविवार

काका घरी आले. दिवाणखान्यात पलंग टाकलाय. मी दोनदा जेवण पाठवू का विचारलं, नेत्रा "आहे गं पुष्कळ" म्हणाली. शनिवारी येऊ का तर "या शनिवारी नको, थेरपी आहे." मागच्या शनिवारीही होती. फारच दमलीय ती. तिच्यावर किती पडतंय, मला समजतं. मी मनाला लावून घेत नाही.


१५ मार्च, शनिवार

राजीव आला होता. मला वाटलं जेवायला थांबेल. उभाच राहिला. म्हणाला, "बाबांच्या वह्या घेऊन जातो. तुझ्याकडे तीन आहेत ना?"

"अरे, आठव्याची चार पानं राहिलीत टाइप करायची. आजच करते."

"नको. राहू दे."

मी वह्या पिशवीत घालून दिल्या. फाइलही पाठवून दिली पेनड्राइव्हवर. दारात म्हणाला, "नीला, डॉनलीने तुला ते कधी दिलं होतं? पूल बंद झाल्यावर लगेच?"

"दोन दिवसांनी."

"हं," म्हणाला आणि गेला.

केदारला म्हटलं, राजीव कसा कोरडा वागला बघ, बाप आजारी असला की माणूस बदलतो. केदारने टीव्ही बंद केला. म्हणाला, "नीलू, तू खरंच विचारतेयस?"


१६ मार्च, रविवार

वेबसाइटवर कागद शोधला. दोन क्लिक. माझी सही ठळक आहे. अक्षर चांगलं आहे माझं, शाळेत बक्षीस होतं.

"फेब्रुवारीत घ्यावे."

केयाला फोन केला. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आई, डज नेत्रामावशी नो?"

"हो. वाटतं."

"फ्रॉम यू?"

नाही म्हटलं.

"देन गो." मग मराठीत, तिच्या तुटक मराठीत, "जा ना आई. आता जा."

गेले नाही. उद्या बजेटची मीटिंग आहे.


७ एप्रिल, सोमवार

कायम झाले. सर्वानुमते. फायनान्स डायरेक्टर. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ऐंशी अभिनंदनं आली, फुलं, बाहुल्या, तिरंगे. नेत्राचं नाही. तिने पाहिलंय, दोन निळ्या खुणा आहेत.

नको म्हणायला हवं होतं का? म्हणणार होते. काल रात्री केदारला म्हटलंही. आणि आज नाव पुकारल्यावर उठून थँक यू म्हणाले. मी कशी आहे ते मला या वहीत लिहिताना कळतंय, आणि ते मला आवडत नाही.


१२ एप्रिल, शनिवार

आज नेत्राकडे गेले. न कळवता. नेत्राने दार उघडलं, "ये" म्हणाली. काका झोपले होते. स्वयंपाकघरात बसलो. तिने चहा टाकला नाही. आमच्या वीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, "नेत्रा, ॲम्ब्युलन्सचा कागद माझ्याकडे आला होता. दहा जानेवारीला. मी पुढे ढकलला."

"माहितीय मला."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. राजीवने वाचला. मी त्याला म्हटलं, ती येईल, सांगेल. थांब जरा." ती टेबलावरचा डाग नखाने खरवडत होती. "रोज वाट बघितली मी तुझी. तू डबे पाठवत होतीस."

"चार आठवड्यांचाच प्रश्न होता गं. मला वाटलं..."

"तो शेरा दुसऱ्या कुणाचा असता ना, तर मी समजून घेतलं असतं. ऑफिसर आहेत, चुकतात, म्हटलं असतं. पण तू हॉस्पिटलमध्ये माझ्या शेजारी उभी होतीस. राजीव मिनिटं विचारत होता. तुझ्या खांद्यावर मी डोकं ठेवलं. तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"तेव्हाच बोलली असतीस तर मी तुला थोबाडीत मारली असती. आणि मग आपण दोघी रडलो असतो." ती उठली. "आता मला रडायलाही येत नाही तुझ्याबरोबर."

दिवाणखान्यातून काकांचा आवाज आला, "नाही, नाही, नाही." तहान लागली की असं म्हणतात. ती पाणी घेऊन गेली. मी तिथेच बसून राहिले. ती परत आली नाही, तेव्हा कळलं की निघायचं आहे.


१९ मे, सोमवार

कौन्सिलमध्ये आज मी स्वतः एक नियम मांडला. ज्यात कुणाच्या जिवाचा प्रश्न आहे असा कुठल्याही खात्याचा अर्ज सात दिवसांत कौन्सिलपुढे आलाच पाहिजे, फायनान्सला तो रोखता येणार नाही. कुणीतरी विचारलं, याची गरज का पडली?

मी म्हटलं, "जानेवारीत असा एक अर्ज मी रोखला होता. रेटिंगसाठी. कृपया माझ्या नावासकट नोंदवा."

मॅनेजर पेन बघत होता. मंजूर झालं. बाहेर चीफ डॉनलीने हात पुढे केला. मी हातात हात दिला. पण मला बरं वाटलं नाही.

पुलाचे बॉण्ड पुढच्या महिन्यात निघतील. व्याज अंदाजापेक्षाही कमी पडणार आहे.


१४ जून, शनिवार

काका उद्या कोल्हापूरला जाणार. त्यांची मुलगी तिथे असते, राजीव सोडायला जातोय. इथे दिवसभर माणूस ठेवणं परवडेना आणि तिकडे बोलणं मराठीतलं कानावर पडेल, असं डॉक्टरांनीच सुचवलं. परत येणार नाहीत. हे मला मंडळाच्या ग्रुपवरून कळलं.

नेत्राला मेसेज केला, "पाच मिनिटं भेटू दे त्यांना." एका तासाने उत्तर आलं, "चारला ये."

काका खुर्चीत बसवलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. किती लहान झालेत. मला पाहून डोळे हलले, डावा हात उचलला. मी खाली, त्यांच्या पायांशी बसले. नेत्रा दाराशी उभी होती, सुटकेसला टेकून.

मनात ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "काका, ॲम्ब्युलन्स तुमच्या बाजूला ठेवायला पैसे मागितले होते. पैसे होते. मी थांबवले. ती गाडी इथे असती तर लवकर पोचला असतात. माझी चूक झाली काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. तोंड हललं. बराच वेळ काहीतरी जुळवत होते, कपाळावर घाम आला.

"नाही," म्हणाले.

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, की ठेवताना तोल गेला म्हणून पडला, मला कळलं नाही. जड होता. "नाही," परत म्हणाले, हळू. आणि परत.

मी नेत्राकडे वळले. आवाजावरून ओळखायचं असतं, आणि तो आवाज आता तिलाच सगळ्यात जास्त कळतो. "काय म्हणाले गं? नेत्रा, काय म्हणाले?"

तिचे डोळे भरले होते. तिला कळलं होतं, मी शपथेवर सांगते, तिला कळलं होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. काकांच्या कपाळाचा घाम पुसला, त्यांचा हात माझ्या डोक्यावरून उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "दमलेत ते. तू नीघ आता."

मी वाकून नमस्कार केला. बाहेर येऊन चपला घातल्या. आतून तिचा आवाज येत होता, लहान मुलाशी बोलावं तसा, "झालं हं बाबा, झालं. गेली ती."